झोपपट्टी

नत्थूजी हेडाऊ आणि त्यांची मुलगी वृंदा यांचं रोज दुपारी जेवताना भांडण व्हायचं, आणि ते दरवेळी टॅक्सवरूनच व्हायचं.

सावंगखेडच्या बाजारात नत्थूजींचं कूलर आणि मोटारपंपांचं दुकान होतं. वृंदा ज्युनियर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायची, शिवाय नगरपरिषदेत निवडून आलेली, अर्थसमितीची सभापती. म्हणजे कर भरणारा आणि कर लावणारी एकाच घरात समोरासमोर बसून भाकर मोडत.

"तुमच्या दुकानापुढचा रस्ता कुणी बांधला, बाबा?"

"मी! तीनदा! एकदा टॅक्स भरून, एकदा वर्गणी देऊन, अन् एकदा गाडीचे शॉकअप बदलून."

"मग शाळा-दवाखानेसुद्धा वर्गणीवर चालवायचे का?"

"चालवा ना! वर्गणी मागणारा निदान दारात येऊन हात तरी जोडते. तुझी नगरपरिषद नोटीस डकवून पळून जाते."

वृंदाची आई गेल्यापासून दोघांना बोलायला दुसरा विषय सापडला नव्हता, आणि त्याची गरजही पडली नव्हती. ठेच्याची वाटी पुढे सरकवताना नत्थूजी सरकारला चोर म्हणायचे, आणि भाकरीवर तूप वाढताना वृंदा त्यांना आपमतलबी म्हणायची. जेवण झालं की दोघं शांत मनाने उठायची.

पुढे नत्थूजींच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. वृंदाने समितीत भांडून भांडून जुन्या जकात नाक्याच्या इमारतीत नगरपरिषदेचं डायलिसिस केंद्र उघडलं. पहिल्या दिवशी मशीनला जोडलेल्या खुर्चीत टेकताना नत्थूजी नर्सला म्हणाले, "पहिले मालावर जकात घेत होते, आता रक्तावर घेऊन राहिले." पण एक दिवसाआड सकाळी ते न चुकता तिथे जायचे, आणि घरी येऊन केंद्रावरच्या खर्चाला नावं ठेवायचे.

अशात ती योजना आली.

डॉ. तन्वी उमाळे नावाची मेंदूशास्त्रज्ञ एका कंपनीतर्फे गावात आली. बारीक चणीची, हळू बोलणारी. टाऊन हॉलमध्ये तिने रबरासारखी एक मऊ, फिकट पट्टी उंच धरून दाखवली.

"झोपेत मेंदू रिकामा बसत नाही," ती म्हणाली. "दिवसभराचा पसारा आवरत असतो. गाढ झोपेत मेंदूभर संथ लाटा उठतात. त्या लाटांवर आठवणी पुन्हा पुन्हा फिरतात. काही पक्क्या होतात, काही पुसल्या जातात. कपाळावरची ही पट्टी अगदी क्षीण विजेच्या स्पंदनांनी त्या लाटेवर एक छोटासा प्रश्न ठेवते. वीज आधी कुठे द्यायची, गाडी आधी कुठली सोडायची, असा. मेंदू झोपेतच उत्तर देतो. तुम्हाला ते कळतही नाही."

"हे कॉम्प्युटर नाही करत का?" कुणीतरी विचारलं.

"कॉम्प्युटर सगळ्या शक्यता मोजतो. पण 'एवढं पुरे' हे त्याला उमगत नाही. माणसाला उमगतं. हजारो मेंदू पट्ट्यांमधून एकमेकांना उत्तरं देत राहिले, की उतारावरचं पाणी खळग्यात थांबावं तसं शेवटी एका उत्तरावर थांबतात. ते उत्तर विकत घ्यायला रेल्वेपासून औषध कंपन्यांपर्यंत सगळे तयार आहेत. रात्रीची झोप तुमचीच. आम्हाला फक्त दुपारचा दीड तास हवा."

वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात दुपारी दुसरं करायचं तरी काय असतं? सावंगखेड एरवीही त्या वेळी झोपलेलंच असे. मोबदल्यात घरपट्टी माफ, पाणीपट्टी माफ, आणि नगरपरिषदेला कंपनीकडून दरवर्षी भरघोस रक्कम. ना कर भरायचा, ना खर्च कापायचा.

आयुष्यात पहिल्यांदा बापलेकीचं एकमत झालं. "झोपायचे पैसे!" नत्थूजी खुशीत म्हणाले. "सरकार पहिल्यांदा शहाण्यासारखं वागून राहिलं." वृंदाने ठरावाच्या बाजूने हात वर केला. कंपनीशी करार करणारे म्हणून नगरसेवकांना मात्र पट्टी लावायची बंदी होती. गावाने या नव्या कराला झोपपट्टी असं नाव ठेवलं आणि हसत हसत तो भरायला सुरुवात केली.

त्या उन्हाळ्यात वृंदा कधी कधी दुपारी बाजारातून एकटीच चालत जायची. डोक्याला ओढणी बांधलेली, रस्त्यावर चिटपाखरू नाही, घराघरातून कूलरची घरघर. उघड्या दारांतून खाटांवर निजलेली माणसं दिसायची, प्रत्येकाच्या कपाळावर पट्टी, पट्टीत एक बारीक हिरवा दिवा. एकदा सोनार गल्लीत तिला एका खिडकीत एक म्हातारी कुशीवर वळताना दिसली. पलीकडच्या ओसरीवरचा माणूसही त्याच क्षणी वळला. वृंदाने मागे वळून पाहिलं. मागच्या दारातलं पोरगंही नुकतंच कुशीवर वळत होतं.

योगायोग असेल, असं म्हणून ती झपाझप घरी आली.

दुसऱ्या वर्षी तिनेच एक ठराव मांडला. गावाचं बजेट दरवर्षी आरडाओरड्यात व्हायचं. ज्या वॉर्डाचा आवाज मोठा त्याला नाली, ज्याचा लहान त्याला आश्वासन. मग हे बजेटच झोपेतल्या मेंदूंपुढे का ठेवू नये? गरिबातल्या गरीब बाईच्या मताला तिथे सावकाराएवढंच वजन. झोपेत कुणी कुणाचा माईक ओढत नाही. ठराव मंजूर झाला, आणि उन्हाळाभर गावाने दुपारच्या झोपेत आपला जमाखर्च मांडला.

पावसाळा सरल्यावर त्या बजेटची जनसुनावणी झाली. एरवी या सुनावणीला खुर्च्या मोडायच्या. या वेळी हॉल गच्च भरलेला आणि शांत. बजरंग उमप हे कांद्याचे व्यापारी, दरवर्षी बाजाररस्त्यासाठी टेबल बडवणारे. ते उठले.

"उपलब्ध साधनांचा विचार करता," ते क्षणभर थांबले, "हे योग्य आहे."

वृंदाला हसूच आलं. उमपांच्या तोंडी असली भाषा तिने कधी ऐकली नव्हती. मग एक शिक्षिका उठल्या. "उपलब्ध साधनांचा विचार करता," त्याही तिथेच थांबल्या, "हे योग्य आहे." मग एक रिक्षावाला. मग भाजीवाली गंगूबाई, जिला सही करता येत नव्हती. तेच शब्द, तोच खंड. त्यानंतर कुणी उठलं नाही. सगळ्यांनी एकदमच मान हलवली. तिसऱ्या रांगेत बसलेल्या नत्थूजींनीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी जेवताना वृंदाने मुद्दाम काडी टाकली.

"बाबा, करार संपला की घरपट्टी दुप्पट करायचं चाललंय."

नत्थूजींनी घास चावून गिळला. "गरज असेल तर करावी."

"दुकानांवर वेगळा कर लावणार आहेत. नुसत्या पाटीवरसुद्धा."

"योग्य आहे."

वृंदाच्या हातातली भाकर तशीच राहिली. या आठवड्याभरात घरात भांडण झालंच नाही, हे तिच्या आत्ता लक्षात आलं. "आणि समजा, सगळेच कर रद्द केले तर?"

"त्याचाही विचार करता येईल."

"बाबा, तुम्हाला काय वाटतं? तुम्हाला स्वतःला?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत माया होती, ओळख होती, सगळं होतं. अंधारात पायरी चाचपावी तसे ते मनात काहीतरी चाचपत राहिले.

"मला?" ते म्हणाले. "जे ठरेल ते."

बजेटचा मसुदा वृंदाने त्या दिवशी नीट वाचला. नव्या वस्त्यांना नळ, शाळेला छप्पर, नाल्या बंदिस्त. सगळं चांगलंच होतं. आणि डायलिसिस केंद्र पुढच्या महिन्यापासून बंद. खर्चाच्या मानाने लाभार्थी थोडे.

ती तडक डॉ. उमाळेकडे गेली. नगरपरिषदेने जुन्या वाचनालयात तिला खोली दिली होती.

"लोकांच्या मनात आम्ही काही घातलं नाही, ताई," डॉ. उमाळे म्हणाली. तिचे डोळे तारवटलेले होते. "मी पुन्हा पुन्हा तपासलं. मेंदू झोपेत ज्याची उजळणी करतो, तेच पक्कं होतं. ज्या पायवाटेने सगळं गाव रोज चालतं ती रुंद होत जाते, बाकीच्या वाटांवर गवत उगवतं. रेल्वेचं वेळापत्रक होतं तोवर बिघडलं नाही, कारण त्याबद्दल कुणाला मतच नव्हतं. बजेटबद्दल प्रत्येकाला होतं. आता सगळ्यांच्या डोक्यात एकच वाट उरली आहे."

"आणि पट्टी काढली तर?"

"गवत उपटता येतं. पण इथे आपली वाट होती, हे त्या माणसाला आठवायला हवं."

"केंद्र बंद होतंय. माझे वडील तिथे जातात."

"हिशोबात चूक नाही, ताई. त्या पैशात कितीतरी घरांना नळ मिळतो. आणि तुमचे वडीलही त्या झोपेत होते. त्यांनीही तेच उत्तर दिलंय."

नगरपरिषदेच्या सभेत वृंदा घसा कोरडा पडेस्तोवर बोलली. नगराध्यक्षांनी ऐकून घेतलं. "मॅडम, केंद्र बंद करू नका असा एक तरी अर्ज आला का? रुग्णांचासुद्धा नाही. लोकांनाच नको असेल तर आपण कोण चालू ठेवणारे?" केंद्र चालू ठेवायचा तिचा ठराव पडला. ठरल्या दिवशी जकात नाक्याला कुलूप लागलं.

नत्थूजींचे पाय सुजले. मग चेहरा. वृंदाने अमरावतीच्या दवाखान्यात विचारून ठेवलं, गाडी दारात आणून उभी केली. ते खुर्चीतून उठेनात.

"सततची ये-जा, गाडीचा खर्च, तुझ्या सुट्ट्या," ते समजूत घालायच्या सुरात म्हणाले. "उपलब्ध साधनांचा विचार करता ते योग्य नाही."

"बाबा, तुम्ही मराल!"

"हो," ते म्हणाले.

ती ओरडली, रडली. चोर सरकारने तुमचा जीव घ्यायचं ठरवलंय आणि तुम्ही मान हलवताय, असंही बोलून पाहिलं. कितीतरी वर्षं त्यांनी तिच्यावर फेकलेलं प्रत्येक वाक्य तिने त्यांच्यावर फेकलं. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिच्या दुःखाबद्दल त्यांना मनापासून वाईट वाटत होतं. स्वतःबद्दल काही वाटत नव्हतं.

केंद्रात त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर येणाऱ्या रेहानाकडे ती धावली. तिशीतली पोर, अंगणवाडीत शिकवायची. रेहाना भिंतीला टेकून धापा टाकत बसली होती आणि तिची सासू शांतपणे तांदूळ निवडत होती. "मॅडम, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका," रेहाना हसून म्हणाली. "हिशोब बरोबर आहे."

वृंदा परत आली तेव्हा दुपार होती. गल्ली झोपलेली. नत्थूजी मात्र जागे होते. आडवं झालं की दम लागायचा, म्हणून आज त्यांना पट्टी लावून निजता आलं नव्हतं. ते खुर्चीत ताठ बसले होते, ओठ निळसर. वृंदा दारातच थांबली, आणि काही योजलेलं नसताना तिच्या तोंडून निघून गेलं.

"बाबा, आज झोपेत वेगळं ठरलं."

त्यांनी मान वर केली. "काय ठरलं?"

"तुम्हाला अमरावतीला न्यायचं. सगळ्यांचं ठरलं. तुम्ही जागे होतात, म्हणून तुम्हाला कळलं नाही."

"बरं," नत्थूजी म्हणाले, आणि खुर्चीच्या हाताला धरून उठून चपला शोधू लागले.

उभ्या आयुष्यात हा माणूस सांगितल्याबरोबर कधी उठला नव्हता.

तिने रेहानाकडे गाडी नेली आणि तेच सांगितलं. सासू नुकतीच झोपून उठली होती, कपाळावर पट्टीचा वळ. तिच्या झोपेत तर असं काही ठरलं नव्हतं. ती क्षणभर वृंदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ठरलं का? बरं," आणि आत जाऊन सुनेची पिशवी भरू लागली. तशाच बाकीच्या रुग्णांच्या घरांतूनही पिशव्या बाहेर आल्या. कुणी कधी, कुठे, कुणी ठरवलं, असं विचारलं नाही.

चौकात रुग्णांना न्यायला उभ्या केलेल्या गाड्यांभोवती माणसं जमली. बजरंग उमप वृंदाच्या गाडीच्या खिडकीपाशी वाकले. त्यांच्या चेहऱ्यावर संशय नव्हता. नुसती वाट पाहणं होतं.

"आणखी काय ठरलं, ताई?"

"केंद्र पुन्हा उघडायचं ठरलं."

"बरं." उमपांच्या मागून एक माणूस किल्ली आणायला निघालासुद्धा.

अशी ती सगळी माणसं वाचली. अमरावतीहून परतेपर्यंत नाका झाडून पुसून तयार होता. नर्स हजर होती, आणि लोकांनाच हवं असेल तर आपलं काय जातं, असं म्हणून नगराध्यक्षांनी मंजुरीची सही करून ठेवली होती. पण दुसऱ्या सकाळी वृंदाने दार उघडलं तर ओसरीपासून कोपऱ्यापर्यंत रांग. प्रत्येकाला एकच विचारायचं होतं.

काही दिवस तिने उत्तरं दिली. खोटं कशाला सांगायचं, तिला ते आवडलं. पारधी वस्तीत दिवे लावायचं ठरलं. लागले. मुलींच्या वसतिगृहासाठी उमपांचं गोदाम द्यायचं ठरलं. त्यांनी त्याच दिवशी रिकामं केलं. वर्षानुवर्षं ज्यासाठी ती समितीत रडली होती ते एका शब्दात होत होतं, आणि तिला कुणी आपमतलबी म्हणत नव्हतं, चोर म्हणत नव्हतं. मग एका सकाळी गंगूबाई समोर येऊन बसली.

"ताई, माझ्या पोरीला दोन ठिकाणांहून मागणं आलंय. कुठं द्यायचं ठरलं?"

वृंदाने खुर्चीचा हात घट्ट धरला. रांगेतले सगळे चेहरे तिच्याकडे वळले होते. त्यात नत्थूजींचाही चेहरा होता. ते स्वतःच्याच घराच्या ओसरीवर, आपला नंबर यायची वाट पाहत रांगेत उभे होते.

"ठरलंय," ती उठून मोठ्याने म्हणाली, "की आजपासून कुणीही पट्टी लावून झोपायचं नाही."

"बरं," रांग म्हणाली.

संध्याकाळपर्यंत नगरपरिषदेच्या आवारात पट्ट्यांचा ढीग पडला. कंपनीने करार मोडला. डॉ. उमाळे निघताना वृंदाला भेटून गेली. "त्यांना चिडवत राहा," एवढंच म्हणाली. "एकाला जरी राग आला, तरी मला कळवा."

वृंदाने उन्हाळ्यापर्यंत वाट पाहिली. दुपारी आता गाव जागं असायचं. माणसं कूलरसमोर हात मांडीवर ठेवून बसायची, काहीतरी सांगितलं जाईल अशी. कंपनीचा पैसा थांबल्यामुळे कर पुन्हा लावणं भागच होतं, आणि वृंदाने सभेत असा दर मांडला की नगराध्यक्षांनी चष्मा काढला.

"मॅडम, एवढी घरपट्टी? लोक जाळतील आपल्याला."

"जाळू द्या," वृंदा म्हणाली. तिला तेच हवं होतं. एकाने तरी दगड उचलावा, एकाने तरी आईवरून शिवी द्यावी.

नोटिसा लागल्या. वसुलीच्या पहिल्या दिवशी ती स्वतः खिडकीच्या आत कारकुनाशेजारी जाऊन बसली. बाहेर ऊन मी म्हणत होतं. रांग बाजारापर्यंत गेली होती. कुणी सावलीत सरकत नव्हतं, कुणी कुणाला ढकलत नव्हतं. माणसं येत होती, पैसे ठेवत होती, पावती घेऊन जात होती.

दुपारी नत्थूजी खिडकीपाशी पोचले. तब्येत चांगली सुधारली होती, चेहऱ्यावरची सूज उतरली होती. त्यांनी दुकानाचे आणि घराचे पैसे नीट सारखे करून आत सरकवले.

"बाबा," वृंदा खिडकीच्या गजांपाशी झुकून हळूच म्हणाली, "ही रक्कम जास्त वाटत नाही का तुम्हाला?"

नत्थूजींनी पावतीकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर एक आठी पडली. ओठ हलले. वृंदाने श्वास रोखला. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या उमपांच्याही कपाळावर तशीच आठी पडली होती, आणि त्यांच्या मागच्या बाईच्या, आणि तिच्याही मागे, दूरवर, उन्हात.

मग ती सगळी कपाळं एकदमच सपाट झाली.

"आणखी काही भरायचं आहे का?" नत्थूजींनी अदबीने विचारलं.

ते थोडा वेळ थांबले, पावतीची घडी करून खिशात ठेवली, आणि बाजूला झाले. रांग एक पाऊल पुढे सरकली.